सहा टनांच्या बटाट्यात राहायला लोक पैसे का मोजतात?

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉइसी शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर एक बटाटा पडलाय. लांबी 28 फूट, वजन सहा टन. आत बेड आहे. बाथरूम मात्र बाहेर, शेजारच्या धान्याच्या सायलोत. 2019 मध्ये हा बटाटा एअरबीएनबीवर भाड्याने मिळायला लागला आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या.

अर्थात तो स्टील, प्लास्टर आणि काँक्रीटचा आहे. आयडाहोच्या बटाटा आयोगाला 75 वर्षं झाली म्हणून 2012 मध्ये त्याला ट्रकवर चढवून अमेरिकाभर फिरवायला सुरुवात झाली. त्या टूरवर काम केलेल्या क्रिस्टी वुल्फने पुढे त्याची खोली बनवली. तिने त्याआधी हॉबिटसारखं जमिनीतलं घरही बांधलं होतं, म्हणजे हात बसलेला होता.

2022 मध्ये एअरबीएनबीने अशा भन्नाट घरांसाठी एक कोटी डॉलरचा फंडच काढला. 100 जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे पाऊण कोटी रुपयांहून जास्त. निवड करणाऱ्यांमध्ये वुल्फही होती.

एवढे पैसे का वाटायचे? कारण साध्या टू बीएचकेचा फोटो कोणी शेअर करत नाही. बटाट्याचा करतं. 2024 मध्ये कंपनीने न्यू मेक्सिकोत ‘अप’ सिनेमातलं घर आठ हजारांवर फुग्यांसकट उभं केलं आणि क्रेनने उचलूनही दाखवलं. अशा बहुतेक ‘आयकॉन्स’ घरांत राहणं फुकट किंवा 100 डॉलरच्या आत होतं. भाड्यातून हा खर्च निघणार नव्हताच. तो जाहिरातीचा खर्च होता.

खरी गोम इथे आहे. कंपनीला घर तोट्यात गेलं तरी चालतं. कर्ज काढून डोम बांधणाऱ्याला चालत नाही.

आपल्याकडे पवना धरणाच्या काठावर बघा. ए-फ्रेम कॉटेज, पारदर्शक डोम, कंटेनर, ट्री हाऊस. पहिला ए-फ्रेम आला तेव्हा तो वेगळा होता. आता रील बघून सांगा बरं, कोणता कोणाचा? जी गोष्ट ऑर्डर देऊन बसवता येते, ती शेजारीही मागवतो. मग उरते फक्त रेटची मारामारी. शनिवार-रविवार भरलेला, मंगळवारी शुकशुकाट, हप्ता मात्र महिनाभराचा.

वर परवानग्या. शेतजमिनीवर काहीही उभं करता येत नाही, समुद्राजवळ सीआरझेड आडवा येतो. राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. पण ते शेतकऱ्यांसाठी, पुण्या-मुंबईहून येऊन गुंठे घेणाऱ्यांसाठी नाही.

बटाटा चालला कारण तो आयडाहोत होता. त्या राज्याची ओळखच बटाटा. कोकणात कोणी इग्लू बांधत असेल तर त्याला एवढंच विचारावंसं वाटतं: गावातल्या जांभ्याच्या घराचं, त्या शेणाने सारवलेल्या पडवीचं काय केलंस?