विश्लेषण : भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटमधून शाखेत शिरकाव कसा होतो?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्या प्रकरणात गाजलेला ‘स्विच’ एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारा होता. कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडणारा स्विच वेगळा. परभणी असो वा जिंतूर-गंगाखेड, सहकारी बँकेच्या शाखेत किंवा तहसीलमध्ये तो कोपऱ्यातील कपाटात धूळ खात असतो. खर्च होतो तो फायरवॉलवर.

धोका काय?

बाकड्यामागे चालू सॉकेट मोकळे असेल, तर त्यात लॅपटॉप जोडणारा थेट फायरवॉलच्या आत येतो. कोणत्या पोर्टवर कोणते यंत्र आहे, याची यादी स्विच ठेवतो. हजारो खोटे मॅक पत्ते पाठवून ती भरली, की ठिकाणा न सापडणारा डेटा तो सर्व पोर्टवर पाठवू लागतो. ‘मीच राउटर’ असे खोटे एआरपी संदेश पाठवूनही इतरांचा डेटा आपल्याकडे वळवता येतो. दरवेळी हल्लेखोरच लागतो असे नाही. मोबाइलला वायफाय हवे म्हणून कोणी घरचा राउटर आणून जोडला, की तो संगणकांना चुकीचे आयपी पत्ते वाटतो आणि पीककर्जाच्या रांगेला ‘सर्व्हर डाऊन’ ऐकावे लागते.

उपाय कोणते?

वापरात नसलेले पोर्ट बंद करणे, हा पहिला आणि बिनखर्ची. पोर्ट सिक्युरिटीने एका पोर्टवर एक-दोनच यंत्रे चालतात. जास्त आढळल्यास पोर्ट बंद होतो. मात्र मॅक पत्त्याची नक्कल करता येते, त्यामुळे ओळख पटवूनच जोडणी देणारी ८०२.१एक्स पद्धत अधिक भक्कम. डीएचसीपी स्नूपिंग बाहेरच्या राउटरला पत्ते वाटू देत नाही. त्याच्याच नोंदींवरून खोटे एआरपी संदेश अडवता येतात. येथे घाई नडते : मुख्य सर्व्हरकडे जाणारा पोर्ट ‘विश्वासू’ ठरवायचा राहिला तर संगणकांना पत्तेच मिळत नाहीत, आणि कायम पत्त्याच्या प्रिंटरची नोंद हाताने करावी लागते. सेटिंग नसलेल्या स्वस्त स्विचमध्ये यातले काहीच जमत नाही.

नियम काय?

रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. स्विचच्या तात्पुरत्या स्मृतीतील नोंदी वीज जाताच पुसल्या जातात. त्या वेगळ्या संगणकावर साठवाव्या लागतात.