शिट्टीला मानधन, लेखणीला ठेंगा!



रेल्वे किंवा टपाल खात्याचा असा विभाग शोधून सापडणार नाही, जिथे दोन-चार पंच नाहीत. भुसावळ, सोलापूर, नागपूर तर सोडाच, पण सिकंदराबाद, हुबळी, खरगपूरच्या वसाहतींतही आपली मराठी माणसे सुट्टीच्या दिवशी कबड्डी, खो-खो, क्रिकेटच्या मैदानावर पंच म्हणून उभी असतात. परीक्षा देऊन, नियमावली पाठ करून ती पंच झालेली असतात. त्यांतले काही जण लिहितातही. नियम बदलला की तो समजावून सांगणारा लेख, एखाद्या निर्णयावरून गदारोळ झाला की त्यावर टिपण, स्पर्धेच्या काळात रोजचे सदर. हे लिखाण छापणारी वृत्तपत्रे आणि क्रीडा नियतकालिके त्या लेखकाला कसे वागवतात, याबद्दल मला लिहायचे आहे. रिक्त पदे आणि पेन्शनचे प्रश्न पेटलेले असताना हे काय मध्येच, असे कोणी म्हणेल. पण फुकट राबवून घेण्याचा रोग एका खात्यापुरता राहत नाही, हे आपण चांगले ओळखतो.

आधी हे काम किती कसबाचे आहे ते पाहा. २४ सप्टेंबर २०२२ रोजी लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने गोलंदाजी करताना क्रीज सोडून पुढे गेलेल्या चार्ली डीनला धावबाद केले. सामना तिथेच संपला आणि जगभर काहूर उठले. ही अखिलाडूवृत्ती आहे की नियमात बसणारी गोष्ट? १९४७ साली सिडनीत विनू मंकड यांनी बिल ब्राउनला असेच बाद केले, तेव्हापासून हा वाद चालू आहे आणि आपल्या माणसाचे नाव त्याला उगाच चिकटले आहे. नियम अशा बादला आधीपासून मान्यता देत होता. फक्त तो ‘गैरखेळ’ या ४१ व्या कलमात होता. १ ऑक्टोबर २०२२ पासून तो तिथून काढून ‘धावबाद’ या ३८ व्या कलमात घातला गेला. म्हणजे वाद आणि नियमबदल आठवड्याच्या अंतराने आले. हे चार सोप्या वाक्यांत वाचकाला कोण सांगणार? वृत्तपत्राच्या कचेरीत बसलेला उपसंपादक चांगला पत्रकार असेल, पण कोणते कलम कुठे गेले हे त्याला पंचालाच विचारावे लागते. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हाही हेच झाले. सुपर टॅकल म्हणजे काय, ‘करो या मरो’ चढाई कधी येते, लॉबी केव्हा खुली होते, हे दूरदर्शनसंचापुढे बसलेल्या घराघराला हवे होते. ते लिहायला मैदानात घाम गाळलेला माणूसच लागतो.

माझ्या ओळखीच्या एका तिकीट तपासनीसाला अशाच एका प्रसंगी संध्याकाळी सहा वाजता एका वृत्तपत्रातून फोन आला. आठ वाजेपर्यंत सहाशे शब्द हवेत. गृहस्थ ड्यूटीवरून नुकता उतरलेला, जेवण बाजूला ठेवून त्याने लेख लिहून दिला. दुसऱ्या दिवशी लेख छापून आला, नावात चूक होती. मानधनाचे विचारले तर उत्तर मिळाले, “अहो, तुम्हाला रेल्वेचा पगार आहे. तुमचे नाव झाले, आणखी काय पाहिजे?” नाव झाले म्हणे, तेही चुकीचे! त्याच पानावर एका नामांकित माजी खेळाडूचे सदर होते. ही असली कित्येक सदरे खेळाडू तोंडाने सांगतो आणि दुसराच कोणी लिहितो. नाव खेळाडूचे, पैसे खेळाडूचे, आणि लिहिणारा कुठेच नाही. गरज सरो वैद्य मरो, हा त्यांचा कारभार.

पूर्वी निदान मनिऑर्डर यायची. आपल्या पोस्टमन बंधूंना आठवत असेल, लेखकाच्या दारात वीस-पंचवीस रुपये मोजून देताना दोघांनाही संकोच वाटायचा. आता तो संकोचही उरला नाही, कारण पुष्कळ ठिकाणी द्यायचेच नाही असे ठरले आहे. जिथे देतात तिथे किती आणि कधी, हे लेख मागताना सांगत नाहीत. सहा महिने फोन करा, मग हिशेब खात्याकडे बोट, खाते म्हणते संपादकांची सही नाही.

“तुम्हाला दुसरीकडे पगार आहे” हे वाक्य टपाल कामगारांना नवे नाही. ग्रामीण डाक सेवकाला, पूर्वीच्या ईडी कर्मचाऱ्याला, हेच तर सांगत आले आहेत! उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे अशी अटच नियमात घातली, आणि मग त्याच अटीच्या आधारे त्याला पूर्ण कर्मचारी मानायचे नाकारले. माणसाच्या खिशात आधी काय आहे ते पाहून कामाचा दर ठरवायचा, ही युक्ती मालक सरकारी असो की खाजगी, एकच आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला पगार आहे म्हणून साखर स्वस्त देतो काय? कागदवाला, छपाईवाला, वीज कंपनी, सगळ्यांची बिले ही मंडळी भरतात. लेखकाच्या बिलापाशी आले की तेवढी ‘क्रीडासेवा’ आठवते.

आणि पैसा नाही असे नाही. पंचाच्या कामाला मोल आहे हे आता क्रिकेट मंडळानेही मानले आहे. २०२२ मध्ये मंडळाने देशांतर्गत सामन्यांच्या पंचांच्या श्रेणी लावल्या, वरच्या श्रेणींना दिवसाला ४० हजार आणि खालच्यांना ३० हजार रुपये. कबड्डी, खो-खोच्या पंचाच्या नशिबी असले आकडे नाहीत, त्यावर वेगळे भांडावे लागेल. पण दर ठरलेला, छापील आणि सर्वांना माहीत, ही गोष्ट महत्त्वाची. आकाशवाणीवर भाषणाला बोलावतात तेव्हाही आधी करारपत्र हातात देतात, त्यात रक्कम लिहिलेली असते. सरकारी केंद्राला जमते ते जाहिरातींवर पाने भरणाऱ्यांना का जमू नये?

कायद्याकडे पाहावे तर तिथेही फट आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकारांना संरक्षण दिले, पण ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो वृत्तपत्रात नेमलेला आहे, त्यालाच. अर्धवेळ नेमलेलाही त्यात येतो, पण रेल्वेत नोकरी करून अधूनमधून लिहिणारा येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू करून सरकारने तो कायदाच एका संहितेच्या पोटात घातला. व्याख्येत दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यमे आली, पण ‘मुख्य व्यवसाय’ ही अट तशीच राहिली. या संहितांबद्दल आपल्या संघटनांनी जे बोलायचे ते बोललेच आहे.

आता थोडे आपल्याच माणसांशी बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल. आपल्यातले अनेक जण म्हणतात, “मला पैशाची गरज नाही, मी हौसेने लिहितो.” हौस चांगली गोष्ट आहे. पण तुमच्या हौसेने त्या कचेरीतल्या क्रीडा वार्ताहराचे काय होते, हे पाहिले काय? मजिठिया वेतन मंडळाचा निर्णय २०११ साली निघाला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, तरी पुष्कळ मालकांनी तो लागू केला नाही. पत्रकारांना अवमान याचिका घेऊन पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. अशा मालकाच्या हातात आपण फुकटचे लेख ठेवतो, तेव्हा तो वार्ताहराला सांगतो, “तुझ्यावाचून अडत नाही, रेल्वेतला एक पंच पान भरून देतो.” संपाच्या वेळी दुसऱ्याच्या जागी कामावर जाणाऱ्याला आपण काय म्हणतो? तो शब्द इथे लिहीत नाही. पण घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजताना त्या कोणाच्या पोटावर पाय देऊन भाजल्या जातात, ते तरी पाहावे. याच अंकातही लेखकाला मानधन नाही, असे कोणी बोट दाखवील. नाहीच. पण इथे नफा कोणाच्या घरी जात नाही, हा अंक वर्गणीवर चालतो.

काही साथी घाबरतात की पैसे घेतले तर खाते धरील. भीती दाखवणाराही बहुधा तोच असतो ज्याला पैसे द्यायचे नाहीत. रेल्वेचे १९६६ चे आचरण नियम असोत की टपालवाल्यांचे १९६४ चे, ड्यूटीचे नुकसान न होता अधूनमधून केलेल्या साहित्यिक वा कलाविषयक कामाला त्यात वाव आहे. नियमित सदर असेल किंवा शंका असेल तर कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या, प्रत जपून ठेवा. खात्याच्या कारभारावर लिहिणे वेगळे आणि पायचीतचा नियम समजावणे वेगळे.

दुसरी गोष्ट हक्काची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या लेखकाने लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखक असतो. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. तेव्हा तुमची सदरे गोळा करून उद्या कोणी ‘सुलभ नियम’ म्हणून पुस्तक काढले, तर आयत्या बिळावर बसलेल्या त्या नागोबाला जाब विचारता येतो. मात्र न वाचता सही करून बसू नका.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून असा कायदा लागू केला की ८०० डॉलर वा जास्त रकमेचे काम बाहेरच्या माणसाकडून घेतले तर लेखी करार हवा, आणि तारीख ठरली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे हवेत. भांडवलदारांच्या त्या राजधानीत हे होऊ शकते. इथे मागितले की म्हणतात, व्यवहार जमणार नाही!

महासंघाने पत्रकारांच्या संघटनांबरोबर बसून हा प्रश्न एकत्र घ्यावा, असा ठराव आमच्या शाखेतून जाणार आहे. मागणी साधी आहे. लेख मागतानाच रक्कम आणि देण्याची तारीख लेखी कळवावी. छापला नाही तरी मागवलेल्या कामाचे पैसे द्यावेत. नाव बरोबर छापावे. पुन्हा छापायचा तर पुन्हा विचारावे. तोवर ज्या साथींचे मानधन थकले आहे, त्यांनी लेखाचे कात्रण, छापल्याची तारीख आणि लेख कोणी, कधी मागवला याची टिपणी आपापल्या शाखा सचिवाकडे द्यावी. फोनवरचे निरोप पुसून टाकू नयेत. आणि पुढच्या वेळी संध्याकाळी सहा वाजता फोन आला, तर आधी दर विचारावा, मग पेन उघडावे.