महाधमनीची शस्त्रक्रिया : आयुष्मान कार्ड कुठे उपयोगी, कुठे अपुरे?

हृदयातून निघून सर्व शरीराला रक्त पोहोचवणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. काही जणांची महाधमनी हळूहळू फुगत जाते. मारफान सिंड्रोमसारख्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात हे तरुण वयातही घडते. फुगलेल्या महाधमनीचा आतला पदर हृदयाजवळ फाटला, तर तातडीची शस्त्रक्रिया लागते. तेव्हा सुरुवातीच्या काळात दर तासाला मृत्यूचा धोका सुमारे १ ते २ टक्क्यांनी वाढतो.

योजनेत काय मिळते?

- आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. महाधमनीच्या फुगवट्याची दुरुस्ती आणि झडपेसह महाधमनीचा सुरुवातीचा भाग बदलणारी बेंटॉल शस्त्रक्रिया उपचारांच्या यादीत आहे.
- आजार जुना असला तरी पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो.
- दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्चही धरला जातो.
- २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, लाभ खुला झाला आहे.

अडचण कुठे येते?

ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. महाधमनीचा फुगवटा मात्र बहुधा काहीच त्रास देत नाही. तो कळतो इको किंवा सीटी तपासणीत. दाखल न होता केलेल्या अशा तपासणीचा खर्च योजनेत बसत नाही. म्हणजे मोठी शस्त्रक्रिया मोफत, पण ती वेळेत ठरवण्यासाठी लागणारी तपासणी स्वतःच्या पैशांनी, असे होते. गरीब कुटुंब तपासणी पुढे ढकलते आणि नियोजित शस्त्रक्रियेऐवजी आणीबाणी ओढवते.

शस्त्रक्रियेनंतरही प्रश्न उरतो. धातूची झडप बसवल्यास रक्त पातळ ठेवणारे औषध आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी आयुष्यभर लागते. १५ दिवस मात्र लवकर संपतात.

आपण काय करावे?

१. कुटुंबात कोणाला मारफान असेल किंवा कोणाची महाधमनी फुगली अथवा फाटली असेल, तर आई-वडील, भावंडे व मुले यांची इको तपासणी शासकीय रुग्णालयात करून घ्या. मारफान असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते.
२. आयुष्मान कार्ड आजारपणाआधीच काढा.
३. प्रत्येक सूचीबद्ध रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होत नाही. हृदय शस्त्रक्रिया विभाग असलेले रुग्णालय १४५५५ वर विचारून घ्या. ते दुसऱ्या राज्यात असले तरी, तेथे योजना लागू असल्यास, कार्ड चालते.
४. छातीत किंवा पाठीत अचानक, फाटल्यासारखी तीव्र कळ आली तर १०८ वर फोन करा. कुटुंबातील आजाराची माहिती डॉक्टरांना लगेच द्या. हा हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध दिले गेले, तर जीवावर बेतू शकते.