मलाक्का भूगोलाने घडवली नाही

१/ "सामुद्रधुनी अरुंद, जहाजांना दुसरी वाट नाही, म्हणून मलाक्का भरभराटीला आली." हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की त्यावर कुणी शंकाच घेत नाही. मित्रहो, आज ती घेऊ.

२/ सामुद्रधुनी हजारो वर्षांची; मलाक्का मात्र सुमारे इ.स. १४०० ची. त्याआधी कित्येक शतके याच जलमार्गावर सुमात्रातील श्रीविजयाचा अंमल होता आणि मलाक्काच्या जागी नाव घ्यावे असे बंदर नव्हते. भूगोल तोच राहून बंदरे बदलत असतील, तर कारण भूगोलापलीकडे शोधले पाहिजे.

३/ संस्थापक परमेश्वर हा पालेम्बांगचा परागंदा राजपुत्र. पोर्तुगीज वृत्तान्त सांगतात की त्याने तेमासेकच्या, म्हणजे आजच्या सिंगापूरच्या, शासकाला ठार करून सत्ता बळकावली आणि पुढे तेथूनही त्याला पळावे लागले. मलय परंपरेत मात्र शिकारी कुत्र्याला लाथ मारणाऱ्या पिसोरी हरणाची कथा येते. ज्या 'मेलाका' वृक्षावरून नगराला नाव पडले, तो म्हणजे आपला आवळा!

४/ या निर्वासिताजवळ होते काय? श्रीविजयाच्या वंशाचा वारसा आणि त्या वंशाशी निष्ठा राखणारे 'ओरांग लाउत', म्हणजे समुद्रावरच जगणारे लोक. जहाजे लुटण्याचे सामर्थ्य असलेले हेच लोक त्याच्यासाठी जहाजांचे राखणदार झाले.

५/ उत्तरेकडून सयामचा धाक होता. त्यावर उतारा म्हणून परमेश्वराने चीनच्या मिंग दरबाराशी संधान बांधले. १४०५ मध्ये मान्यता मिळवली. १४११ मध्ये तो स्वतः चीनला गेला. झेंग हे याच्या आरमाराची कोठारे मलाक्कात उभी राहिली. ही मुत्सद्देगिरी कोणत्या नकाशात दिसते?

६/ पुढे राजघराण्याने इस्लाम स्वीकारला आणि मुस्लिम व्यापाऱ्यांशी नाते दृढ झाले. परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर नेमले गेले. त्यांतला एक केवळ गुजरात्यांसाठी होता. तोमे पिरेस या पोर्तुगीजाने येथे ८४ भाषा बोलल्या जात असल्याचे नोंदवले आहे.

७/ आक्षेप येईल : मोसमी वारे बदलेपर्यंत जहाजांना थांबावेच लागे. मान्य! पण थांबण्यासाठी पासै होते, केडाह होते. व्यापारी तेथेच थांबतो, जेथे माल सुरक्षित असतो आणि तंट्याचा निवाडा होतो.

८/ शेवटचा पुरावा गोव्याच्या वाटेने येतो. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने १५११ मध्ये मलाक्का जिंकली. सामुद्रधुनी तीच, वारेही तेच. तरीही मुस्लिम व्यापारी आचे, जोहोर, बांतेनकडे वळले. किल्ला उभा राहिला आणि बाजारपेठ विखुरली.

९/ श्रेय नकाशाला दिले की माणसांचे कर्तृत्व पुसले जाते. मलय लोक स्वतःच्याच इतिहासात वाटेवरचे रहिवासी ठरतात. भूगोलाने संधी दिली, हे खरे. राज्य मात्र त्यांनी उभारले.