कॉन्व्हेंटचा फॉर्म भरण्याआधी

मुंबईत मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की घरात विचारणा सुरू होते: कॉन्व्हेंटचा फॉर्म आणला का? विचारणारी कधी आजी असते, कधी शेजारीण, कधी ऑफिसातला सहकारी. महापालिकेच्या शाळेत चौकशी केली का, असं मात्र कुणी विचारत नाही. ती शाळा घरापासून पाच मिनिटांवर असली, तरी तिच्या फाटकातून आत जाऊन वर्ग पाहिलेले पालक विरळाच. दोनपैकी एक पर्याय न बघताच बाद झालेला असतो.

कॅथलिक शाळांवरचा पालकांचा विश्वास उगाच बसलेला नाही. माझगावची सेंट मेरीज 1864पासून आणि धोबीतलावची सेंट झेवियर्स 1869पासून शिकवते आहे. एकाच कुटुंबातल्या तीन-तीन पिढ्या ज्या शाळेत शिकल्या, तिथे चौथी पाठवावीशी वाटणं स्वाभाविकच आहे. शिवाय यातल्या अनेक शाळा अनुदानित आहेत. त्यांच्या शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात, म्हणून फी मध्यमवर्गाला झेपते. पालक ज्यांना ‘खासगी’ म्हणतात, त्या शाळांत करदात्यांचा पैसाही आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

धर्माची धास्ती घेण्याचंही कारण नाही. राज्यघटनेच्या कलम 28नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीविना मुलाला धार्मिक शिक्षण देता येत नाही. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला जातात, तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास होतो. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या 2021च्या अहवालानुसार देशातल्या ख्रिस्ती शाळांमधले सुमारे 74 टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत.

आणि कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, हे समीकरण तर वसईत गेल्यावर टिकतच नाही. 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथल्याच नंदाखालच्या सेंट जोसेफ शाळेत शिकले. शाळा कॅथलिक, माध्यम मराठी. चर्चच्या आवारातली शाळा परिसराची भाषा किती आपुलकीने सांभाळू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण महाराष्ट्रात शोधावं लागेल.

मग अडतं कुठे? प्रवेशाच्या दारात.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू झाला. विनाअनुदानित खासगी शाळांनी 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्यात, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावू नये, असं हा कायदा सांगतो. पण 6 मे 2014 रोजी ‘प्रमती’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कॅथलिकांसारख्या अल्पसंख्याकांच्या शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलं. याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने 1 सप्टेंबर 2025 रोजी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे सोपवला.

महापालिका शाळेला अशी मुभा नाही. बांधकामाच्या जागेवरून वर्षाच्या मध्यात आलेलं मूल, आईबापांपैकी कुणीही शाळा न पाहिलेलं मूल, मुंबईत येऊन महिनाही न झालेलं मूल, सगळ्यांना ती घेते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून शिकवते. गणवेश, दप्तर, वह्या मोफत देते. तिचे शिक्षक मात्र जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामाला लावले जातात. कायद्यानेच तशी सवलत सरकारला दिली आहे. अशा शाळेचा दहावीचा निकाल निवडून मुलं घेणाऱ्या शाळेच्या निकालाशेजारी ठेवायचा आणि टक्क्यांवरून गुणवत्ता ठरवायची, हा सरळसरळ अन्याय आहे.

महापालिका बदलते आहे, हेही पालकांनी पाहायला हवं. 2020मध्ये तिने जोगेश्वरीच्या पूनमनगरात सीबीएसईची आणि माहीमच्या वूलन मिल शाळेत आयसीएसईची सोय केली. अर्ज इतके आले की प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. सार्वजनिक शाळेवर लोक विश्वास टाकायला तयार आहेत, हे त्यातून दिसलं. पण ही धाव नव्या मंडळाच्या पाटीकडे आहे. त्याच महापालिकेच्या मराठी शाळांतली पटसंख्या घटत गेली, त्याचं दुःख जास्त मोठं आहे. घरात मराठी बोलणाऱ्या, इंग्रजी अभ्यास घेणारं कुणी नसलेल्या मुलासाठी जवळची, चांगली चालणारी मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळा हा पहिला पर्याय असायला हवा. तिथे त्याला पहिल्या दिवसापासून बाईंचं बोलणं कळतं, आणि घरी आईला त्याची वही वाचता येते.

कॅथलिक संस्थाचालकांनाही एक विनंती. 2014च्या निकालाने सक्ती काढली आहे. शेजारच्या वस्तीतल्या गरीब मुलाला प्रवेश देण्यावर बंदी घातलेली नाही. आपणहून काही जागा राखून ठेवायला कोर्टाच्या पुढच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

पालकांनी अर्ज भरण्याआधी एक सकाळ महापालिकेच्या शाळेसाठी काढावी आणि एक कॉन्व्हेंटसाठी. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारावेत. एका वर्गात मुलं किती? तिसरीतल्या मुलाला धडा न अडखळता वाचता येतो का? मूल मागे पडलं तर त्याच्याकडे कोण बघतं, शाळा की बाहेरची शिकवणी? उत्तरं ऐकावीत, वर्गात डोकवावं, आणि मगच फॉर्म भरावा.