आधी घरच्यांना विचारा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरं ठाणे पोलिसांच्या परिमंडळ चारमध्ये येतात. इथली अमली पदार्थांची बातमी नेहमी एकाच घाटाची असते : एमडी (मेफेड्रोन) किती ग्रॅम, कोडीनच्या बाटल्या किती, मुद्देमाल किती रुपयांचा, आरोपी कुठला. विकणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी, आणखी कडक व्हावी. पण तो माल ज्या घरात शिरला त्या घराचं पुढे काय झालं, हे त्या बातमीत कधी येत नाही. तिथे आई एटीएम कार्ड उशीच्या अभ्र्यात घालून झोपते. भरलेला सिलिंडर शेजारणीकडे ठेवते, कारण मागचा विकला गेला. बहिणीचं बारावीचं वर्ष असतं आणि ती क्लासवरून मुद्दाम उशिरा घरी येते. बापाने नात्यातल्या लग्नांना जाणं सोडलेलं असतं.

अशा घरांना धरून राहणारी काही माणसं आहेत. कुणी समुपदेशक, कुणी स्वतः नशेतून बाहेर पडलेले, आणि पुष्कळशा हेच भोगलेल्या बायका व आया. रात्री अपरात्री फोन आला तरी उचलतात, दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात सोबत जातात. माझं म्हणणं असं की या माणसांचं काम स्वतंत्र आहे, व्यसनमुक्ती केंद्राच्या कामाला जोडलेली पुरवणी नाही. मुलगा उपचाराला तयार असो, नसो, घरातून निघून गेलेला असो की तुरुंगात असो, त्याच्या घरच्यांना मिळणारी मदत त्याच्या होकारावर अडून राहता कामा नये. आणि ती त्यांच्या गावातच मिळाली पाहिजे. हे न पटणारे खूप आहेत, आणि त्यातले बरेच चांगल्या मनाने बोलतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं नीट तपासायला हवं.

सर्वांत जुना आरोप, ‘घरच्यांनीच लाडावून ठेवला.’ एकाच आईच्या हातचं जेवून वाढलेल्या दोन भावांपैकी एक पावडर ओढतो आणि दुसरा गजानन मार्केटमधलं वडिलांचं दुकान सांभाळतो, अशी घरं उल्हासनगरात शोधावी लागत नाहीत. लाड हेच कारण असतं तर दुसरा कसा वाचला? माल हाताशी असणं, कोवळं वय, संगत, रक्तातून आलेली प्रवृत्ती, आधीपासूनचं नैराश्य, अशा अनेक गोष्टी मिळून नशा लागते. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९च्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट ठळक दिसली. व्हाइटनर, सोल्यूशन असे हुंगायचे पदार्थ १० ते १७ वयोगटातली १.१७ टक्के मुलं घेत होती, तर मोठ्या माणसांत हेच प्रमाण ०.५८ टक्के होतं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त, असं चित्र दुसऱ्या कुठल्याही पदार्थाचं नव्हतं. का, ते उघड आहे. ही वस्तू स्टेशनरीच्या आणि सायकलच्या दुकानात मिळते, स्वस्त असते आणि मागणाऱ्याला कुणी हटकत नाही. यात आईच्या लाडाचा काय संबंध?

या आरोपाने एकच काम चोख होतं, घराचं तोंड बंद होतं. दोष आपलाच असं ऐकून ऐकून पटलेली बाई कुणाकडे जात नाही. वर्षानुवर्षं लपवते, आणि तोवर व्याजाने घेतलेलं कर्ज डोक्यावर बसलेलं असतं.

याच आरोपाची एक सुशिक्षित आवृत्तीही आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात हा विचार फोफावला की व्यसनी माणसाचे घरचे स्वतःच एका प्रकारे आजारी असतात, त्याला सांभाळण्याचीच त्यांना चटक लागलेली असते. आपल्याकडे काही समुपदेशकही अजून त्याच सुरात बोलतात. इंग्लंडमधल्या जिम ऑरफर्ड, रिचर्ड वेलमन आणि अॅलेक्स कोपेलो यांनी व्यसनी माणसांच्या कुटुंबांवर अनेक वर्षं संशोधन करून वेगळी मांडणी केली. ही साधी, धडधाकट माणसं आहेत, त्यांच्यावर फार मोठा ताण फार काळ पडलेला आहे, आणि ती जे काही करतात ते त्या ताणाला तोंड देण्यासाठी करतात. मला ही मांडणी पटते, कारण ती घरात जाऊन बघता येते. मुलाला रात्री दोनशे रुपये देणारी आई त्याचं व्यसन पोसत नसते. तो दार आपटेल, खालचे वर येतील, घरमालक खोली खाली करायला सांगेल, हे सगळं तिने एका क्षणात तोललेलं असतं. तिला दुसरी वाट दाखवायला हवी. त्यासाठी आधी तिने ही वाट का धरली हे समजून घ्यावं लागतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि डॉक्टर मंडळीही तो घेतात. आधी खाटा, औषधं आणि मानसोपचारतज्ज्ञ द्या, रुग्ण बरा झाला की घर आपोआप सावरेल. खाटा अपुऱ्या आहेत हे खरंच आहे. पण त्याच २०१९च्या पाहणीनुसार बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांमागे एकालाच कधी तरी दाखल होऊन उपचार मिळाले होते, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलेही उपचार. म्हणजे उरलेल्या घरांनी रुग्ण बरा होण्याची वाट बघत बसायचं. किती वर्षं? आणि जो एक जण उपचारापर्यंत पोचला, त्याला तिथवर कुणी आणलं? बहुतेक वेळा घरच्यांनीच. अमेरिकेत विल्यम मिलर आणि रॉबर्ट मेयर्स यांनी १९९९मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. दारू पिणारा माणूस उपचाराला साफ नकार देतो आहे, अशा १३० कुटुंबीयांना तीन वेगवेगळ्या पद्धतींची मदत देण्यात आली. कधी बोलावं, कसं बोलावं, शुद्धीत असताना काय करावं आणि नशेत असताना काय टाळावं, याचं प्रशिक्षण ज्यांना मिळालं त्यांच्या घरातले ६४ टक्के उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून एकदम समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीने ३० टक्के आले. तिसऱ्या, अल-अॅनॉन या दारू पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या परस्पर-आधार गटाच्या धर्तीवरच्या पद्धतीने १३ टक्के आले, मात्र माणसाला उपचाराला आणणं हा अल-अॅनॉनचा हेतूच नसतो. अभ्यास परदेशातला आणि दारूपुरता आहे हे धरूनही, घरच्यांवर खर्च केलेला पैसा रुग्णाच्या तोंडचा पळवला जातो ही भीती त्यापुढे टिकत नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. अनिल अवचटांचे गर्द या अमली पदार्थावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे उपचारात घरच्यांना सुरुवातीपासून धरलं. व्यसनी पुरुषांच्या बायकांचा ‘सहचरी’ हा गट त्यातूनच आला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९०पासून आहे. या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर. पहाटे लोकल धरून नोकरीला जाणारी आणि रात्री परतणारी बाई ठाण्याच्या दुपारच्या बैठकीला कशी बसणार? पुण्याची गोष्ट तर दूरच. शिवाय उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या आजीशी सिंधीत आणि अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराशी हिंदीत बोलणारं माणूस लागतं.

‘लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल.’ या सल्ल्यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. हा परक्या मुलीवर केलेला प्रयोग आहे. तो फसला की मुलगी आणि पुढे तिची मुलं त्याच घरात अडकतात, आणि सल्ला देणारा दुसऱ्या लग्नाच्या पंगतीत बसलेला असतो.

‘उचलून न्या’ हा सल्ला मात्र जास्त घातक आहे, कारण तो दमलेल्या माणसाला तत्काळ दिलासा देतो. एका फोनवर गाडी येते, चार जण मुलाला धरून नेतात, घरात पहिल्यांदा शांत झोप लागते. या आईबापांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही आपल्या कक्षेत घेतल्या आहेत. माणसाला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्याला दाखल करायचं तर त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज हवा, मानसोपचारतज्ज्ञासह दोन जणांची स्वतंत्र तपासणी हवी, आणि पहिली मुदत ३० दिवसांपर्यंतच. नोंदणी नसलेल्या जागी, फाटकाला कुलूप लावून, मारहाण करून सोडवलेली नशा बाहेर आल्यावर परतते, आणि येताना घरच्यांवरचा राग घेऊन येते. यातली एकही गोष्ट त्या बापाला कुणी आधी सांगितलेली नसते.

यावर लोक म्हणतात, हे सांगणारे तरी कोण? ना डॉक्टर, ना पदवी. हा प्रश्न रास्त आहे. यावर गोव्यात संगाथ या संस्थेने काम केलं आहे. ऑरफर्ड, वेलमन आणि कोपेलो यांची पाच पायऱ्यांची पद्धत त्यांनी तिथल्या परिस्थितीला जुळवून घेतली आणि व्यसनी माणसांच्या घरच्यांपर्यंत ती नेण्यासाठी पदवीधारक तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं उभी केली. ऐकून घेणं, खरी माहिती देणं, आजवर काय काय करून पाहिलं ते तपासणं, आजूबाजूला आधार कोण आहे ते शोधणं आणि पुढे कुठे जायचं ते सांगणं, एवढं त्यांचं काम. निदान करणं त्यात नाही, औषध देणं नाही. उलट आपली हद्द कुठे संपते हे त्यांना पाठ असावं लागतं. उदाहरणार्थ, दारू किंवा ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याचं सेवन एका दिवसात तोडलं तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. मुलाला खोलीत कोंडून ‘उतरवायला’ निघालेल्या घराला हे वेळेवर सांगणारं माणूस डॉक्टर असायलाच हवं असं नाही. डॉक्टरकडे कधी पाठवायचं हे त्याला माहीत असलं म्हणजे झालं.

आणखी एक टोक आहे, ‘सोडून द्या त्याला, तुमचं तुम्ही बघा.’ हे बोलणारे दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलत असतात, इतकंच.

मग घरांना धरून राहणारी ही माणसं नेमकं करतात काय? पहिल्या भेटीत चांगला कार्यकर्ता मुलाबद्दल फारसं विचारतच नाही. ‘ताई, तुम्ही काल जेवलात का? झोप लागते का? तो अंगावर येतो का?’ असं विचारतो. अंगावर येतो म्हटलं की आधी सुरक्षेचं बोलणं होतं. त्या वेळी लहान मुलं कुठे जातील, किल्ली कुणाकडे राहील, ११२ला फोन कोण लावेल. घराची कागदपत्रं, दागिने, मुलीचे दाखले बहिणीकडे ठेवायला सांगतात. बायको असेल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने राहत्या घरातला तिचा हक्क शाबूत आहे हे सांगतात, कारण सासरच्यांनी तिला नेमकं उलटं सांगितलेलं असतं. त्यानंतर बोलण्याची तालीम. नशेत असताना वाद नाही, सकाळी चहा झाल्यावर दोन वाक्यं, तीही आदल्या रात्री ठरवलेली. ‘पैसे देणार नाही. दवाखान्यात यायचं असेल तर आज सुट्टी टाकते.’ ही दोन वाक्यं आवाज न चढवता म्हणायला काही बायकांना कितीतरी आठवडे लागतात, आणि समोर बसलेली माणसं तेवढे आठवडे थांबतात.

पोलिसांची भीती हा या घरांचा मोठा अडसर. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं की केस होईल, या समजुतीने कितीजण घरीच कुढत राहतात. १९८५च्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. सेवन करताना किंवा थोड्या प्रमाणातल्या मालासह सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. कलम ३९खाली न्यायालय सेवनासाठी दोषी ठरलेल्याला, त्याची संमती असेल तर, उपचारासाठी सोडू शकतं. वकिलाच्या दारात कर्ज काढून उभ्या असलेल्या बापाला ही दोन कलमं आधी सांगणं हे कुणाचं काम? आज ते कुणाचंच नाही, म्हणून ही मूठभर माणसं करतात.

तेव्हा मागणी उघड मांडतो. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, तिघांनी प्रत्येकी एक खोली द्यावी, शेवटच्या गर्दीच्या लोकलमधली माणसं उतरल्यावरही उघडी राहणारी, रविवारीही. कॅम्प तीनमधल्या मध्यवर्ती रुग्णालयात व्यसनाचा रुग्ण आला तर सोबतच्या नातेवाइकाशी वेगळं बोलणारं माणूस त्याच दिवशी भेटावं. रुग्ण आलाच नाही, फक्त आई आली, तरी तिच्या नावाचा केसपेपर निघावा. पोलिसांनी सेवन करणाऱ्या मुलाला धरलं की त्याच्या घरच्यांच्या हातात १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक लिहिलेला कागद द्यावा, त्या खोलीच्या पत्त्यासह. शेजारच्या ओळखीची अडचण असेल तर अंबरनाथच्या घराला बदलापूरच्या खोलीत जाता यावं. आणि तिथे बसणाऱ्या माणसांना मानधन मिळावं, नियमित प्रशिक्षण मिळावं, त्यांचं स्वतःचं ऐकून घेणारं कुणी ज्येष्ठ दर महिन्याला यावं. आज ती हे काम स्वतःच्या मोबाइलच्या रिचार्जवर आणि स्वतःच्या रिक्षाभाड्यावर करत आहेत, त्यातल्या काही जणींच्या घरात अजूनही नशा आहे, आणि तिन्ही पालिकांच्या येत्या अंदाजपत्रकांत त्यांच्यासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडायला कुठल्या कायद्याची आडकाठी आहे, ते सभागृहात बसलेल्यांनी सांगावं.