विश्लेषण : नियुक्त्या, बढत्या, मोफत शिबिरे… आर्थिक नियोजन संस्थांच्या या संदेशांतून गुंतवणूकदाराने काय ओळखावे?

सल्लागार आणि वितरक यांच्यात फरक काय, ओळखीचा माणूस संस्था सोडून गेला तर गुंतवणुकीचे काय होते, आणि सोसायटीतील मोफत शिबिराचा खर्च नेमके कोण करते?

‘आमच्या सहकाऱ्याची सीनिअर वेल्थ मॅनेजरपदी बढती’, ‘टीममध्ये नव्या सदस्याचे स्वागत’, ‘रविवारी क्लब हाऊसमध्ये मोफत आर्थिक साक्षरता शिबीर, नाश्त्याची सोय’… आर्थिक नियोजन करून देणाऱ्या संस्थांचे असे संदेश अनेकांच्या व्हॉट्सॲपवर येत असतात. बहुतेक जण अभिनंदनाचा अंगठा पाठवून पुढे जातात. मात्र निवृत्तीची पुंजी ज्या माणसाच्या शब्दावर गुंतवली, तोच माणूस बदलत असेल किंवा शिबिरात पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडे ती सोपवायची असेल, तर हे संदेश नीट वाचावे लागतात.

या संदेशांचे महत्त्व काय?

म्युच्युअल फंड, विमा किंवा निवृत्ती नियोजन या गोष्टी दुकानातील वस्तूप्रमाणे हाताळून पाहता येत नाहीत. निर्णय बरोबर होता की चूक, हे कळायला दहा-पंधरा वर्षे जातात. त्यामुळे सामान्य गुंतवणूकदार योजनेपेक्षा माणसावर विश्वास ठेवतो. संस्थांनाही हे ठाऊक असते. म्हणूनच कर्मचाऱ्यांचे यश, नव्या पदव्या, रक्तदान शिबिरे यांची छायाचित्रे आवर्जून पाठवली जातात. त्यात गैर काही नाही. पण हा विश्वास आणि कायद्याने दिलेला अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत देशातील केवळ २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले होते. त्यामुळे समोरच्या माणसाच्या पदनामावरच अनेकांची भिस्त असते.

सल्लागार आणि वितरक यांत फरक काय?

भांडवली बाजार नियामक ‘सेबी’च्या २०१३ च्या नियमांनुसार शुल्क घेऊन गुंतवणूक सल्ला देणाऱ्याला नोंदणी करावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो. हा सल्लागार ग्राहकाकडून शुल्क घेतो. वैयक्तिक ग्राहकासाठी ठरावीक शुल्काची कमाल मर्यादा जानेवारी २०२५ मध्ये एका कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजार रुपये करण्यात आली. सल्ल्याखालील मालमत्तेच्या टक्केवारीत शुल्क घ्यायचे असल्यास मर्यादा वार्षिक २.५ टक्के आहे.

म्युच्युअल फंड वितरकाची नोंदणी ‘ॲम्फी’ या फंड उद्योगाच्या संघटनेकडे होते. त्याला ‘एआरएन’ क्रमांक मिळतो. त्याचे उत्पन्न फंड घराण्याकडून मिळणाऱ्या कमिशनमधून येते. गुंतवणूक जितकी वर्षे राहील, तितकी वर्षे हे कमिशन सुरू राहते. समजा, १० लाख रुपयांच्या गुंतवणुकीवर पाऊण टक्का कमिशन असेल, तर वर्षाला साडेसात हजार रुपये वितरकाला मिळतात. ग्राहक वेगळा धनादेश देत नाही, त्यामुळे सेवा फुकट असल्याचे वाटते. प्रत्यक्षात ही रक्कम योजनेच्या खर्चातून, म्हणजे गुंतवणूकदाराच्याच पैशांतून जाते. हे कमिशन नसलेल्या ‘डायरेक्ट’ योजना १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत.

वितरक असणे कमीपणाचे नाही. छोट्या शहरांत म्युच्युअल फंड पोहोचवण्याचे काम प्रामुख्याने वितरकांनीच केले. मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला ‘इंडिपेंडंट फायनान्शिअल ॲडव्हायझर’, ‘वेल्थ ॲडव्हायझर’ अशी नावे लावता येत नाहीत. संस्था दोन्ही कामे करत असेल, तर एकाच ग्राहक कुटुंबाला सल्ला आणि वितरण अशा दोन्ही सेवा देता येत नाहीत. देशात नोंदणीकृत सल्लागारांची संख्या हजाराच्या आत, तर एआरएनधारक लाखाहून अधिक आहेत. म्हणजे शिबिरात किंवा ओळखीतून भेटणारी व्यक्ती वितरक असण्याची शक्यताच अधिक.

बढती किंवा नवी पदवी मिळाल्याने काय बदलते?

‘रिलेशनशिप मॅनेजर’, ‘व्हाइस प्रेसिडेंट’, ‘वेल्थ मॅनेजर’ ही संस्थेने दिलेली पदनामे आहेत. बढतीमुळे पगार आणि जबाबदारी वाढते, कायदेशीर अधिकार वाढत नाही. परीक्षा उत्तीर्ण झाल्याची बातमी त्यापेक्षा महत्त्वाची असते, पण कोणती परीक्षा हे पाहावे लागते.

रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे संकुल असलेली ‘एनआयएसएम’ ही सेबीने स्थापन केलेली संस्था या परीक्षा घेते. म्युच्युअल फंड वितरणासाठी ‘व्ही-ए’, तर गुंतवणूक सल्ल्यासाठी ‘एक्स-ए’ आणि ‘एक्स-बी’ या परीक्षा आहेत. सल्लागार संस्थेत ग्राहकांना प्रत्यक्ष सल्ला देणाऱ्या कर्मचाऱ्यांकडेही वैध प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे. ‘सीएफपी’ हे आर्थिक नियोजनातील आंतरराष्ट्रीय मान्यतेचे व्यावसायिक प्रमाणपत्र आहे. ते मिळवायला अभ्यास लागतो, पण तेवढ्यावर भारतात शुल्क घेऊन गुंतवणूक सल्ला देता येत नाही. त्यासाठी सेबीची नोंदणी लागते. विमा विकण्यासाठीची परवानगी आणखी वेगळी.

पुरस्कारांबाबतही नियम आहे. नोंदणीकृत सल्लागारांसाठी सेबीने एप्रिल २०२३ मध्ये जाहिरात संहिता जारी केली. ‘सर्वोत्तम’, ‘क्रमांक एक’ असे दावे आणि ग्राहकांचे प्रशस्तिपर अभिप्राय जाहिरातीत वापरण्यास त्यात मनाई आहे. स्वतंत्र संस्थेने दिलेल्या पुरस्काराची वस्तुस्थितीदर्शक माहिती देता येते. समाजमाध्यमांवरील मजकूरही या संहितेच्या कक्षेत येतो.

ओळखीचा माणूस संस्था सोडून गेला तर?

ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बातमी ही असते आणि नेमकी तीच अनेकदा कळवली जात नाही. नव्या व्यक्तीचा फोन येतो तेव्हा जुनी व्यक्ती गेल्याचे समजते.

गुंतवणुकीला लगेच धोका नसतो. म्युच्युअल फंडातील पैसे वितरकाकडे नव्हे, फंड घराण्याच्या योजनेत असतात. मात्र खाते जुन्या संस्थेच्या एआरएन क्रमांकाखालीच राहते आणि कमिशनही तिलाच मिळत राहते. गेलेली व्यक्ती दुसऱ्या संस्थेत रुजू होऊन ‘सगळे इकडे वळवून घेऊ’ असे सुचवू शकते. वितरक बदलायचा असल्यास गुंतवणूकदाराची लेखी विनंती लागते. त्यासाठी जुनी गुंतवणूक मोडून नव्याने करण्याची गरज नसते. तसा आग्रह होत असेल, तर निर्गमन शुल्क आणि भांडवली नफ्यावरील कराचा भुर्दंड कोण सोसणार, हा प्रश्न विचारायला हवा.

खरी अडचण येते ती जुन्या चुकीच्या सल्ल्याची तक्रार करताना. ‘ज्यांनी सांगितले ते आता इथे नाहीत’ हे उत्तर ठरलेले असते. नेमक्या याच कारणासाठी ‘ईयूआयएन’ हा क्रमांक आणण्यात आला. ‘ई’ या अक्षरापुढे सहा अंक असलेला हा क्रमांक वितरक संस्थेच्या प्रत्येक विक्री कर्मचाऱ्याला दिला जातो आणि तो गुंतवणुकीच्या अर्जावर लिहायचा असतो. कर्मचारी नोकरी सोडून गेला, तरी ती विक्री कोणी केली याची नोंद राहते.

मात्र अर्जावर एक पळवाटही छापलेली असते. हा रकाना रिकामा असेल, तर त्याखालील घोषणेवर गुंतवणूकदाराची सही घेतली जाते. ‘रकाना हेतुपुरस्सर रिकामा सोडला असून, वितरकाच्या कर्मचाऱ्याच्या सल्ल्याविना हा व्यवहार केला आहे,’ अशा आशयाची ती घोषणा असते. ‘इथे एक सही करा’ म्हटल्यावर न वाचता केलेली ही सही पुढे तक्रारीच्या मुळावर येऊ शकते.

मोफत शिबिराचा खर्च कोण करते?

यामागे तीन शक्यता असतात. पहिली, संस्था स्वतः खर्च करते. त्यातून नवे ग्राहक मिळावेत ही अपेक्षा असते. दुसरी, फंड घराणे खर्च करते. सेबीच्या २०१२ च्या निर्णयानुसार फंड घराण्यांना मालमत्तेच्या किमान दोन बेसिस पॉइंट, म्हणजे दर एक कोटी रुपयांमागे वर्षाला दोन हजार रुपये, गुंतवणूकदार शिक्षणासाठी बाजूला काढावे लागतात. हा पैसाही योजनेतूनच येतो. म्हणजे ज्याच्याकडे आधीपासून म्युच्युअल फंड आहे, त्याने या कार्यक्रमांचा काही भार उचललेलाच असतो. तिसरी, सेबी आणि एनआयएसएम यांच्या उपक्रमातील ‘स्मार्ट’ म्हणून ओळखले जाणारे प्रशिक्षक. त्यांचे कार्यक्रम विनामूल्य असतात. सोसायटीच्या कार्यकारिणीने सभागृह देण्यापूर्वी ‘खर्च कोणाचा?’ एवढे विचारले तरी शिबिराचे स्वरूप बरेचसे उलगडते.

शिक्षण कुठे संपते आणि विक्री कुठे सुरू होते?

चक्रवाढ व्याज, महागाई, मुदत विमा आणि गुंतवणूक यांतील फरक, नामनिर्देशन, इच्छापत्र हे शिक्षण झाले. ‘ही योजना घ्या’, ‘हा शेअर वाढणार’ हे शिक्षण नाही. सेबीने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात ही रेषा अधिक ठळक केली. नोंदणीकृत संस्थांना केवळ शिक्षण देणाऱ्या व्यक्तीशी संबंध ठेवता येतील, पण अशा व्यक्तीने मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून एखाद्या शेअरबद्दल बोलता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. शिकवण्याच्या नावाखाली ‘टिप’ देण्याचे प्रकार रोखणे हा त्यामागचा उद्देश.

शिबिरात खूण पटवणारी जागा बहुधा शेवटी येते. प्रश्नोत्तरे झाल्यावर नाव, मोबाइल क्रमांक, पगार आणि सध्याच्या गुंतवणुकीचा तपशील मागणारा कागद फिरतो. व्याख्यान ऐकण्यासाठी हा तपशील देण्याची गरज नसते. त्याच दिवशी अर्जावर सही किंवा धनादेश मागितला गेला, तर ते शिबीर राहत नाही.

रक्तदान, वृक्षारोपण म्हणजे ‘सीएसआर’ का?

बहुतेक वेळा नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, एक हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांनाच सामाजिक दायित्व बंधनकारक आहे. त्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते. बहुतांश आर्थिक नियोजन संस्था याहून कितीतरी लहान आहेत. त्यांचे उपक्रम ऐच्छिक असतात. मोठ्या कंपन्यांनाही स्वतःच्या उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात दाखवता येत नाही. गणेशोत्सव मंडळाच्या कमानीवरील फलक ही म्हणूनच जाहिरात ठरते.

संस्थांची बाजू काय?

शहरापलीकडे शुल्क देऊन सल्ला घेण्याची सवय अजून रुजलेली नाही. नियमांच्या पूर्ततेचा खर्च मोठा आहे आणि जाहिरातीवर बंधने आहेत. अशा वेळी शाळेत, बचत गटात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बोलणे हाच लोकांपर्यंत पोहोचण्याचा परवडणारा मार्ग उरतो. अशा एखाद्या व्याख्यानामुळे कोणी ठेव दुप्पट करून देणाऱ्या भामट्यापासून वाचले, कोणी नामनिर्देशन पूर्ण केले, तर तो समाजाचा फायदाच आहे. कर्मचाऱ्यांची माहिती उघडपणे देणारी संस्था ती न देणाऱ्या संस्थेपेक्षा बरी. प्रश्न एवढाच, की त्या माहितीत बढतीच्या छायाचित्राबरोबर नोंदणी क्रमांकही असतो का आणि स्वागताबरोबर निरोपाची बातमीही कळवली जाते का.

गुंतवणूकदाराने काय तपासावे?

सल्लागाराचा ‘आयएनए’ क्रमांक सेबीच्या आणि वितरकाचा एआरएन ॲम्फीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. एआरएनची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे तो चालू आहे का हेही पाहावे. दर सहामाहीला येणाऱ्या एकत्रित खाते विवरणात वितरकाला प्रत्यक्ष किती कमिशन मिळाले, ते रुपयांत दिलेले असते. अनेक जण ते कधी उघडूनही पाहत नाहीत. धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम फंड घराण्याच्या योजनेच्या नावानेच जायला हवी. ती व्यक्तीच्या किंवा वितरक संस्थेच्या खात्यात मागितली गेली, तर तिथेच थांबावे. अर्जावरील ईयूआयएनचा रकाना भरलेला आहे याची खात्री करून, अर्जाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवणे सोयीचे.

तक्रारीसाठी सेबीचे ‘स्कोअर्स’ हे संकेतस्थळ आहे. १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत संबंधित संस्थेला २१ दिवसांत कार्यवाहीचा अहवाल द्यावा लागतो. तिथे तक्रार नोंदवताना माणसाचे पदनाम किंवा त्याची बढती उपयोगी पडत नाही. संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि कागद मात्र हाताशी लागतात.